सौंसरच्या गोमाशीचे डोळे

सौंसरला लोक संत्र्यांसाठी जातात, कापसाच्या कामाने जातात, लेकीच्या सासरी जातात. मी गोमाशीसाठी गेलो. नागपुराहून निघताना शेजाऱ्यांना हे सांगण्याची सोय नव्हती, म्हणून ‘सरकारी काम’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

ही गोष्ट १९५६ च्या ऑक्टोबरातली. नोव्हेंबराच्या पहिल्या तारखेला राज्यांची नवी वाटणी व्हायची होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार, पण त्यांची राजधानी नागपूर न राहता भोपाळ होणार, हे ठरलं होतं. जनावरांच्या रोगांच्या एका लहानशा कचेरीत मी हेडक्लार्क होतो. आमचे डॉक्टरसाहेब भोपाळला जाणार होते, मी नागपुरातच राहणार होतो. जाण्याआधी साहेबांना प्रांतातल्या गोमाश्यांची यादी छापखान्यात द्यायची होती. घोड्यांना सर्रा नावाचा ताप येतो, जनावर सुकत जातं आणि बहुधा दगावतं. एका जनावराचं रक्त पिऊन तो दुसऱ्याला पोचवण्याचं काम गोमाश्या करतात. त्यांच्या जाती किती आणि कुठे कोणती, हे खात्याला हवं होतं.

टपालाने माश्या मागवल्या तर पेटीतून भुकटी निघे. म्हणून साहेबांनी फोटो मागवायला सुरुवात केली होती. चार वर्षांत सहाशे बारा फोटो आले आणि प्रत्येकाचं कार्ड मी केलं. पंख साधे की ठिपक्यांचे, पाठीवर काय, दोन डोळ्यांत फट आहे की डोळे चिकटलेले, डोळ्यांवर आडव्या पट्ट्या किती, असे चार रकाने. फट असेल तर मादी, तीच चावते. डोळे चिकटलेले असतील तर नर, तो बिचारा फुलातला रस पितो. हे मला इतकं पाठ झालं होतं की घरी पाहुणे आले की माझी नजर आधी त्यांच्या भुवयांमधल्या अंतराकडे जाई.

या फोटोंपैकी एकशे त्रेचाळीस सौंसरच्या डोंगरे मास्तरांनी पाठवले होते. त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्याकडची एक माशी अगदी नवी आहे. पाठीवर फिक्या त्रिकोणांची रांग, पंख साफ, अंगाने पाऊण इंच. सगळं परदेशी पुस्तकातल्या एका चित्राशी जुळतं, पण चित्रातल्या माशीच्या डोळ्यांवर दोन पट्ट्या आहेत आणि सौंसरच्या माशीच्या डोळ्यांवर एकही नाही. मास्तरांनी तिचं नावही ठरवलं होतं, ‘सौंसरेन्सिस’. साहेब म्हणाले, “मी काही माश्यांचा पंडित नाही, ढोरांचा डॉक्टर. तुम्ही जाऊन त्यांचं रजिस्टर पाहून या. नीट असेल तर घालू यादीत. शनिवारी यादी छापायला जाते.”

पांढुर्णा, सोमवार

आधी पांढुर्ण्याला उतरायचं आणि तिथून मोटारीने सौंसरला, असा बेत मी केला होता, कारण वाटेतल्या जनावरांवरही नजर टाकता येईल. स्टेशनाबाहेर टांगा केला. सरकी काढण्याच्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांमागे आमचा टांगा अडकला आणि मला घोडी न्याहाळायला वेळ मिळाला. मिनिटाला सतरा वेळा ती शेपटी मारत होती.

“काय मोजून राहिले साहेब?” टांगेवाल्याने मागे न पाहताच विचारलं.

“शेपूट.”

“शेपूट तं एकच हाय.”

मी खुलासा करणार तेवढ्यात माझ्या मनगटात सुई गेल्यासारखं झालं. मी दुसऱ्या हाताने थापट मारली. पायाशी गोमाशी पडली. चार वर्षं हिच्या जातभाईंचे फोटो पाहिले होते, समक्ष भेट ही पहिलीच. मी काडेपेटीतल्या काड्या खिशात ओतल्या आणि तिला पेटीत घातलं.

“मेली ना? मंग ठेवता काहून?”

“तिचं नाव काय ते पाहायचं आहे.”

गाड्या पुढे सरकल्या तशी टांगेवाल्याने घोडी हाकली. मग म्हणाला, “ह्या घोडीचं बी नाव नाही ठेवलं आमी, साहेब. सात साल झाले.”

मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात बसून मी भिंग काढलं. पाठीवर त्रिकोण, पंख साफ, डोळ्यांत फट. डोळे हिरवट आणि त्यांवर दोन पुसट तांबूस पट्ट्या. टिपणवहीत तसं लिहिलं: ‘पांढुर्णा, घोडीजवळ, पट्ट्या २.’ म्हणजे ही पुस्तकातली जुनीच. सौंसरची नवी अजून बावीस मैलांवर होती. (मैलाचे दगड मी नंतर वीस मोजले, दोन झुडपात असावेत.)

नागपुरात हॉटेलवाला विचारतो, काय पाहिजे. पांढुर्ण्यात आधी विचारतात, कोणाकडचे. मी कोणाकडचाच नाही हे तिथल्या चौघांना मुळीच पटलं नाही. काटोल, नरखेड, वरुड असं एकेक गाव घेत त्यांनी माझ्या मावसभावाच्या बायकोपर्यंत मजल मारली, आणि तिचं माहेर हॉटेलवाल्याच्या आत्याच्या गावचं निघालं. लगेच माझ्या बशीत न मागता दुसरा आलूबोंडा पडला. तळलेल्या मिरच्या एकीच्या तीन झाल्या. नातं लागल्यावर चौघांपैकी सर्वांत म्हाताऱ्याने जवळ सरकून विचारलं, “आता तुमी सरकारी मानूस. खरं सांगा. पयल्या तारखेपासून नागपूरले जायाचं म्हणजे पास लागन का?”

“नाही हो. आपलाच देश आहे.”

“तेच मी म्हनून राहिलो,” तो बाकीच्यांना म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी फार भरवसा दिसला नाही.

सौंसर, त्याच दिवशी

मास्तर मला उतरवून घ्यायला मोटारस्टँडवर आले होते. उंच, वाळके, जाड भिंगांचा चष्मा. शाळेत विज्ञान शिकवतात, माझ्यासाठी आठवडाभर रजा काढली होती. घरी त्यांच्या पत्नीने ‘दंडवत’ म्हणून स्वागत केलं, तेव्हा मला कळलं की घर महानुभाव पंथाचं आहे, म्हणजे जीवहत्या वर्ज्य. एवढं कळूनही मी जे केलं ते माझ्या वयाच्या माणसाला शोभणारं नव्हतं. पाणी पिऊन होताच मी मोठ्या कौतुकाने काडेपेटी उघडून पुढे धरली.

“पांढुर्ण्यात मारली!”

मास्तर चष्मा पुसू लागले. वहिनी पेटीत डोकावल्या, मग माझ्याकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाल्या, “हात धुऊन घ्या भाऊ. पान वाढते.”

मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून या घरात अंगण झाडतानाही केरसुणी हलक्या हाताने फिरवतात. दूध-पाणी गाळून घेतात, ते आमच्याकडेही घेतात, पण गाळण्यात सापडलेला किडा आमच्याकडे कोणी यांच्यासारखा अंगणातल्या झाडापाशी नेऊन सोडत नाही. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा असं जेवण होतं. वहिनींनी चौथी भाकर वाढली तेव्हा माझा गुन्हा माफ झाला असावा असं मी धरून चाललो.

मंगळवार

सकाळी रजिस्टर पाहिलं. इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या कचेरीत सुद्धा पाहिलेली नाही, आणि आमच्या कचेरीत नोंदी मी ठेवतो. तारीख, जागा, कोणत्या जनावरावर, आणि एक रकाना असा होता की मी दोनदा वाचला: ‘मृत्यूपर्यंत दिवस’.

“हे काय मास्तर?”

“आमच्या घरी जीव मारत नाहीत,” मास्तर म्हणाले. “पण जिवंत माशीचा फोटो येत नाही, हलते. म्हणून मी बैलावरून पेल्याने पकडतो, बरणीत ठेवतो, साखरेचं पाणी देतो. आपल्या मौतीनं मेली की मंग फोटो काढतो.”

“साखरेचं पानी मी देते,” वहिनी आतून म्हणाल्या.

कोनाड्यात पाच बरण्या होत्या. वर मलमलीचं फडकं, समोर पडदा, उजेडात धडका घेऊन जखमी होऊ नयेत म्हणून. सरासरी सहा दिवस जगत. कोठीत फोटो धुण्याची सोय होती, कॅमेऱ्यापुढे घड्याळजीचं भिंग मेणाने बसवलेलं. सात वर्षं हे चाललं होतं. मास्तरांचा आणखी एक नियम होता, आणि तो मला फार आवडला: जे काही पाहायचं ते फोटोत पाहायचं. डोळ्यांची नजर दर वेळी वेगळं सांगते, फोटो बदलत नाही. मी म्हटलं, आमचंही तेच धोरण आहे.

मग मास्तरांनी माझी काडेपेटी मागून घेतली. घरात प्रेत आलंच आहे तर त्याची नोंद तरी व्हावी, असा त्यांचा हिशोब. भिंगातून पाहता पाहता त्यांचा आवाज चढला.

“साहेब! त्रिकोण, पंख, लांबी, सगळं तेच. आणि पट्ट्या शून्य! ही सौंसरेन्सिस! म्हणजे पांढुर्ण्यापर्यंत हाय ती!”

“पट्ट्या दोन आहेत,” मी म्हणालो.

“शून्य.”

“दोन. माझ्या वहीत आहेत.”

“वहीत असतील, माशीवर नाहीत.”

मी भिंग घेतलं. डोळे काळपट तपकिरी, एकसारखे. पट्टी नव्हती. वही काढली. दोन होत्या. मोजणीत चुकलास असं मला या आधी कोणी म्हटलेलं नव्हतं, बायकोनेही नाही, आणि तिने बाकी बरंच म्हटलं आहे. मी थोडा तापलो. मास्तरही तापले. दोन प्रौढ माणसं एका मेलेल्या माशीवरून ‘दोन’, ‘शून्य’ करत होती. वहिनी भाजी निवडत ऐकत होत्या.

“अवो,” त्या मास्तरांना म्हणाल्या, “मेल्यावर डोये कोनाचे तसेच राह्यतात काय? सासूबाईचे राह्यले होते?”

मास्तर उठून कोनाड्यापर्यंत गेले, पडद्याला हात लावला, आणि न सरकवताच परत आले.

तेवढ्यात शेजारचे नथ्थूजी आले. त्यांची गावाबाहेर संत्र्यांची बाग आहे, चार बैल, एक घोडी. मास्तरांच्या निम्म्याहून अधिक माश्या त्यांच्याच गोठ्यातल्या. सौंसरेन्सिस हे नाव नथ्थूजींनी गावभर केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मास्तरांचा सत्कार ठरवला होता, शाल आणून ठेवली होती.

“साहेब, नागपूर गेलं तं गेलं,” ते मला म्हणाले. “आमच्या लेकी तिकडं, सोयरे तिकडं, बाजार तिकडं, आन् आमी इकडं. पन पुस्तकात सौंसरचं नाव तं येऊन राहिलं! पांढुर्णेवाल्यायची हाय का एखादी माशी?”

मास्तरांनी काडेपेटी हळूच खिशात टाकली.

बुधवार

खरं काय ते मास्तरांच्या नियमाने फोटोत पाहायचं तर जिवंत माशी हलता कामा नये. बरणीतल्या एकसारख्या धडपडत, आणि गोमाशी फक्त रक्त पिताना हलत नाही. बैलावर बसली तर बैल हलतो. म्हणून न हलणारं जनावर हवं होतं. मास्तरांना नजरेचं आणि कॅमेऱ्याचं काम होतं. राहिलो मी.

नथ्थूजींच्या गोठ्यात दहाच्या उन्हाला मी डावी पँट गुडघ्यापर्यंत वळवून बसलो. दिवाळीसाठी गोठ्याच्या भिंती सारवून झाल्या होत्या आणि त्या ओल्या वासात बैल रवंथ करत होते. वहिनीही आल्या होत्या, कारण माझ्या हातावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

“याच्यानं तो घोड्याचा रोग नाही ना लागनार तुमाले?” त्यांनी विचारलं.

“माणसाला लागल्याचं आमच्या फायलीत नाही.”

“आन् फायलीत नसलं म्हणजे?”

मी पँट आणखी एक घडी वर घेतली. तासभर माश्यांना माझ्यापेक्षा बैल बरे वाटले. नथ्थूजी म्हणाले, “साहेब, तुमचं रक्त सरकारी हाय, बेचव असन.” पुढच्याच मिनिटाला एक आली. माझ्या पोटरीभोवती तीन फेऱ्या घेतल्या आणि बसली.

गोमाशी डासासारखी सोंड खुपसत नाही, कातडी कापते. हात आपोआप उठला. वहिनींनी नुसतं “भाऊ” म्हटलं आणि तो खाली आला. मी आकडे म्हणू लागलो. मास्तर गुडघ्यांवर बसून भिंग लावत होते. तेराला खटका वाजला, एकवीसला पुन्हा. अठ्ठावीसला मी स्वतः खाली वाकून पाहिलं.

चार वर्षांत सहाशे बारा फोटो पाहिले होते, सगळे काळे-पांढरे. असा रंग मी कधी पाहिला नव्हता. डोळे हिरवे, नव्या रेशमी खणासारखे, डोकं हलवलं की चमक बदलणारे, आणि त्यांवर दोन जांभळ्या पट्ट्या, पट्टीने आखल्यासारख्या. त्रेचाळीसला पोट भरून ती उडाली. पोटरीवरून रक्ताचा ओघळ आला.

मास्तर गुडघ्यांवरच बसून होते.

“किती?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारावं लागलं.

“दोन,” मास्तर म्हणाले.

दुपारी कोठीत फोटो धुतला. ओल्या कागदावर दोन काळ्या रेघा हळूहळू वर आल्या. मग मास्तरांनी स्वतःच कोनाड्याचा पडदा सरकवून पाचही बरण्या अंगणात उन्हात आणल्या. तीन माश्या जिवंत होत्या, तिघींच्या डोळ्यांवर पट्ट्या. दोन कालपरवा मेलेल्या, त्यांच्या डोळ्यांवर काही नाही. सात वर्षं त्या बरण्या पडद्याआड होत्या. पडदा लावला होता दयेने.

वहिनी दारात उभ्या होत्या. “माह्या नियमानं झालं हे,” त्या म्हणाल्या. “मारू नोका म्हटलं मी.”

“तुमचा नियम बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. मी पाहत होतो, बायकोशी ते एरवी एकेरीत बोलत, तेव्हा ‘तुमचा’ म्हणाले. “तुम्ही रोज तिला साखर देऊन राहिल्या होत्या. मीच तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.”

संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला मात्र चार भाकरी खाव्या लागल्या, कारण दोन पानं तशीच परत गेली तर वहिनींना अधिक वाईट वाटलं असतं.

गुरुवार

सकाळी नथ्थूजींना बातमी सांगितली. त्यांनी खाटेवर बसून ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “मंग सांगता काहून कोनाले?”

नथ्थूजी मास्तरांजवळ सरकले.

“साहेब भोपालले चालले. ह्या भाऊसाहेबांले रजिस्टर पाहा म्हटलं होतं, रजिस्टर तं चोख हाय ना? भोपालले कोन गोमाशीचे डोये पाहून राहिलं? नाव छापून येऊ द्या. गावाले बरं वाटन. तुमी बी रिटायर व्हाल आता.”

खरं सांगायचं तर हे मलाही आदल्या संध्याकाळी सुचलं होतं. साहेबांचा प्रश्न होता: रजिस्टर नीट आहे का? आहे. इतकंच उत्तर दिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. मी मास्तरांना तसं म्हणालोही. म्हणालो, “मी लिहायला तयार आहे, मास्तर. तुम्ही सांगाल तसं.”

मास्तर दिवसभर आपल्या एकशे त्रेचाळीस फोटोंसमोर बसले. मधे एकदा मी डोकावलो तर ते एकेक उचलून चष्म्याजवळ नेत होते आणि खाली ठेवत होते. अडीच वाजता, सभेला शाळेतून फळा आणि रंगीत खडूंचा डबा आणवा, असा निरोप त्यांनी नथ्थूजींकडे पाठवला. तेव्हा ते काय करणार ते मी ओळखलं.

सत्काराला साठएक माणसं होती. मी अठ्ठावन्न मोजली, दोघं दारात ये-जा करत होते. नथ्थूजींनी प्रास्ताविक केलं, त्यात ‘सौंसरेन्सिस’ हा शब्द सहा वेळा आला आणि दर वेळी टाळ्या पडल्या. सहाव्या टाळ्यांनंतर मास्तर उठले, फळ्याकडे गेले आणि हिरव्या खडूने ताटाएवढा एक डोळा काढला. त्यावर जांभळ्या खडूने दोन पट्ट्या ओढल्या.

“ही आपल्या गावची गोमाशी,” ते म्हणाले. “ही नवी नाही. जुनीच हाय, पुस्तकातली. पांढुर्ण्यालेही हाय. मी सात वर्षं मेल्या माशीचे डोळे पाहून सांगत होतो की पट्ट्या नाहीत. जिवंतपणी होत्या. माझी चूक झाली. सत्कार घेता येत नाही.”

आणि ते खाली बसले. सभेला काय करावं कळेना. नथ्थूजी हातात शाल घेऊन उभे होते, पुढेही जाईनात आणि मागेही. शेवटी मागून एका शेतकऱ्याने विचारलं, “मास्तर, ते डोये खरंच असे हिरवे असतात?”

“याहून हिरवे. खडूत तो रंग नाही.”

“माह्या बैलावर रोज बसते. मी तं कधी पाह्यलं नाही.”

“मीही नाही,” मास्तर म्हणाले.

“मंग दाखवा ना.”

शुक्रवार

सकाळी नथ्थूजींच्या गोठ्यात एकोणीस माणसं रांग लावून उभी होती. मी आता पटाईत जनावर झालो होतो, उजवा पाय पुढे केला. (डावा सुजला होता. घेर एक इंचाने वाढला होता, पट्टीने मोजला.) माशी बसली की मास्तर भिंग देत, एक माणूस पाहून घेई, दुसरा पुढे येई. कोणी थापट मारली नाही. ज्यांनी आयुष्यभर या माशीला शिव्या दिल्या ते तिच्यासमोर श्वास धरून वाकत होते. एकाने मला विचारलं, दुखते का? मी होय म्हटलं. “मले वाटलं, सवय झाली असन,” तो म्हणाला, आणि भिंग आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

वहिनी शेवटी वाकल्या. बराच वेळ पाहिलं. “इतकी साजरी असते ही?” त्या म्हणाल्या. मास्तर बाजूलाच होते. त्यांनी मान हलवली.

दुपारच्या छोट्या रुळांच्या गाडीने मी नागपूरला निघालो. मास्तर स्टेशनावर आले. वहिनींनी शिदोरीत भाकरी आणि हिरव्या सालीची संत्री बांधून दिली होती. गाडी हलण्याआधी मास्तरांनी रजिस्टर माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, “साहेबांना द्या. दुरुस्त केलं आहे.”

लोधीखेडा मागे पडल्यावर मी ते उघडलं. पट्ट्यांचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा लिहिला होता. मला वाटलं होतं, शून्य खोडून दोन केले असतील. तसं नव्हतं. एकशे त्रेचाळीस ठिकाणी ‘शून्य’ खोडलं होतं, आणि त्या त्या शून्यासमोर तांबड्या शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहिले नाही’.

नागपूर

शनिवारी कचेरीत पोचलो तेव्हा साहेब छापखान्यात जायला निघाले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी परदेशी पुस्तक काढायला लावलं. चित्रांची पानं हाताळून मळली होती, पण प्रस्तावनेची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती, कोणी कापली नव्हती. मी सुरीने कापली. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की माशी मेल्यावर काही तासांत डोळ्यांवरच्या पट्ट्या जातात, मेल्या माशीवरून त्या मोजू नयेत.

साहेब खुर्चीत बसले. “डोंगऱ्यांची एक माशी काढून टाका आणि यादी जाऊ द्या,” ते म्हणाले. “बाकीची कार्डं तर तुम्ही केलेली आहेत.”

तीच अडचण होती. सहाशे बारा फोटोंपैकी मास्तरांचे सोडले तर चारशे एकोणसत्तर उरतात. ते ठिकठिकाणच्या लोकांनी टाचणीला टोचलेल्या माश्यांचे काढलेले होते, आणि जिथे पट्टी दिसली नाही तिथे मी सुवाच्य अक्षरात शून्य घातलं होतं. मला कोणी विचारलं नसतं. अक्षर चांगलं असलं की कोणी विचारत नाही.

“साहेब, यादी थांबवावी लागेल,” मी म्हणालो.

कार्डांच्या पेट्या भोपाळला जायला व्हरांड्यात तयार होत्या, खिळे मारून, सुतळीने आवळून, वर पत्ते चिकटवून. साहेब काही वेळ त्यांच्याकडे आणि काही वेळ माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली.

मी तांबडी शाई घेतली, व्हरांड्यात बसलो आणि पहिल्या पेटीची सुतळी सोडायला सुरुवात केली.